भेंडीचा नियम डबल बीला लागत नाही

मृगाची चाहूल लागली की गच्चीवरच्या कुंड्यांत आणि गावाकडच्या परसात पहिलं बी पडतं ते बहुधा भेंडीचं. मांडव रिकामा दिसतो म्हणून तिच्या शेजारी वाल, पावटा किंवा हल्ली हौसेनं डबल बी लावली जाते. मग सल्ले सुरू होतात. शेजारच्या काकू, रोपवाटिकेतला माणूस, मोबाईलवर बाग फुलवून दाखवणारी मंडळी, सगळ्यांकडे काही ना काही सांगायला असतं. ते सारं खोटं असतं असं नाही. एका पिकाबद्दलचं खरं आपण दुसऱ्या पिकाच्या गळ्यात बांधतो आणि घोटाळा तिथे होतो. भेंडी कापूस, जास्वंद, अंबाडी यांच्या कुळातली. डबल बी घेवडा आणि राजमा यांची सख्खी बहीण. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली, म्हणूनच पेरू देशातल्या लिमा शहराच्या नावानं जगभर ओळखली जाणारी. दोघींना एकाच वाफ्यात जागा द्यायला हरकत नाही, पण दोघींना एकच वागणूक दिली तर एक तरी रुसतेच.

‘बी कुठलंही असो, रात्रभर भिजवूनच लावावं’

भेंडीपुरतं हे बरोबर आहे. तिच्या बियांचं कवच टणक असतं, पाणी आत शिरायला वेळ घेतं. आठ-दहा तास कोमट पाण्यात ठेवलेलं बी उबदार मातीत चार-सहा दिवसांत वर येतं.

हाच उपाय डबल बी किंवा घेवड्याला केला तर अर्धं बी मातीतच कुजण्याची शक्यता असते. या दाण्यांचं कवच पातळ आणि आतली दलं मोठी. खडखडीत वाळलेला दाणा एकदम पाण्यात पडला की पाणी इतक्या झपाट्यानं आत घुसतं की दलं तडकतात. तडकलेल्या दलांतून साखर बाहेर झिरपते आणि मातीतल्या बुरशीचं फावतं. हा दाणा कोरडाच टोकावा, इंच-दीड इंच खोल, आधीच ओलवून ठेवलेल्या मातीत. आणि कोंब दिसेपर्यंत वरून पाण्याचा मारा करू नये. कुणी विचारेल, मग डाळिंब्यांसाठी वाल भिजवतो, त्याला मोड कसे फुटतात? फुटतातच. पण त्या फडक्यात मातीतली बुरशी नसते, चार-दोन दाणे तडकले तर ते कुणी मोजत नाही आणि दोन दिवसांत सगळं कढईत जातं. रोप जगवणं आणि मोड काढणं ही निराळी कामं आहेत.

रोपवाटिकेतून भेंडीची वीतभर रोपं आणून लावण्यातही फारसा अर्थ नाही. तिचं सोटमूळ सरळ खाली धावतं आणि उपटून पुन्हा लावलं की दुखावतं. बी थेट कुंडीत टोकावं. कुंडी निदान बारा इंच खोल हवी आणि दिवसाचे सहा तास ऊन हवं. बाजारात भेंडी बारा महिने मिळते म्हणून ती कधीही पेरावी असं मात्र नाही. माती थंड असली की बी नुसतं पडून राहतं, म्हणून पुण्या-नाशिकच्या डिसेंबरात पेरलेली भेंडी हिरमुसलेली दिसते. थंडी सरताना किंवा पावसाच्या सुरुवातीला पेरलेली जोमानं वाढते.

‘शेंगांचा वेल लावला की शेजारच्या झाडांना नत्र फुकट’

शाळेत शिकलेलं हे विज्ञान अर्धंच लक्षात राहिलेलं असतं. द्विदल झाडांच्या मुळांवर गाठी येतात, त्यांत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात, हे खरं. पण तो नत्र वेल आधी स्वतःसाठी ठेवतो. त्याचा मोठा वाटा पानांत आणि शेवटी दाण्यांत जातो, आणि दाणे आपण खातो. शेजारच्या भेंडीला जिवंत वेलाकडून जे मिळतं ते किरकोळच. खरा फायदा पुढच्या पिकाला होतो आणि तोही वेल उपटून फेकला नाही तर. हंगाम संपल्यावर खोड मातीलगत कापावं, मुळं आत कुजू द्यावीत, पाला तिथेच पसरावा.

आणखी एक गोम आहे. कोकोपीट आणि विकतची माती घालून भरलेल्या नव्या कुंडीत हे जिवाणू मुळात असतीलच असं नाही. एखादं रोप हळूच उकरून मुळं पाहावीत. गाठ नखानं फोडल्यावर आतून गुलाबी-लालसर निघाली तर काम चालू आहे. गाठीच नसतील किंवा आतून पांढरट, हिरवट असतील तर वेल इतर झाडांसारखाच खतावर जगतो आहे. कृषी सेवा केंद्रात रायझोबियमचं जिवाणूखत मिळतं. पेरण्यापूर्वी दाण्यांना गुळाच्या पाण्यातून अलगद चोळायचं. ते निरनिराळ्या पिकांच्या गटांसाठी निरनिराळं असतं. डबल बी आणि वाल यांना चवळीच्या गटाचं चालतं, श्रावणघेवड्याला त्याचं वेगळं लागतं.

वेल मरतुकडा दिसला म्हणून कुणी मूठभर युरिया टाकतं. आयता नत्र मिळाला की वेल गाठी धरण्याची तसदी घेत नाही. पानं माजतात, शेंगा रोडावतात. भेंडीचं उलट आहे. ती रोज तोडून घ्यायची भाजी असल्यामुळे तिला दर पंधरा-वीस दिवसांनी शेणखत किंवा गांडूळखताची मूठ हवीच. तिलाही अति झालं तर पानं गर्द होतात आणि मावा, तुडतुडे त्या लुसलुशीत पाल्यावर तुटून पडतात.

‘फुलं गळतात, म्हणजे मधमाश्या नाहीत’

सकाळी सकाळी रंगाचा ब्रश घेऊन भेंडीच्या फुलांत परागकण फिरवणारे लोक मी पाहिले आहेत. दुधी, दोडका, कारलं यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, तिथे ही खटपट उपयोगी पडते. भेंडीच्या फुलात दोन्ही भाग एकत्र असतात. फूल सकाळी उमलतं, एका दिवसाचं असतं आणि स्वतःच्याच परागावर फळ धरू शकतं. डबल बीचं फूलही बहुतांशी आपलं आपण भागवतं. तिची फुलं गळतात ती प्रामुख्यानं उष्म्यानं: पारा पस्तिशीकडे गेला, रात्रीही उकडत राहिलं आणि मुळाशी ओल कमी पडली की फुलोरा झडतो. त्यावर उपाय सावलीचं कापड, पाल्याचं आच्छादन आणि नियमित पाणी.

फुलंच येत नसतील तर कॅलेंडर पाहावं. वाल-पावट्याची जुनी गावरान वाणं दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलत नाहीत. कोकणात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात तो याच हंगामात. असं बी कुणी फेब्रुवारीत गच्चीवर लावलं तर वेल पाण्याच्या टाकीपर्यंत चढतो आणि पावसाळा संपेपर्यंत शेंग दाखवत नाही. डबल बीच्या उंच वेलींतही काही वाणं अशीच हट्टी असतात. बुटकी, झुडपी वाणं सहसा दिवसाच्या लांबीची फिकीर करत नाहीत.

‘भेंडी पिवळी पडली, म्हणजे बी खराब होतं’

पानांच्या शिरा पिवळ्या होतात, मग सगळं पान हळदीसारखं होतं, शेंगा फिकट आणि वेड्यावाकड्या लागतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. बियाणं विकणाऱ्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही, कारण हा विषाणू बियांतून येत नाही. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. झाडाला एकदा लागण झाली की कडुनिंबाचा अर्क, ताक, हळदीचं पाणी यांपैकी कशानंही ते बरं होत नाही. निंबोळी अर्कानं माशी थोडी आवरते, एवढंच. लवकर लागण झालेलं झाड उपटून टाकावं, चिकट पिवळे सापळे लावावेत, आसपासचं तण काढावं.

खरं शहाणपण पेरण्याआधीच असतं. एके काळी घरोघरी माहीत असलेली पुसा सावनी या रोगापुढे टिकेनाशी झाली, तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठानं 1980 च्या दशकात परभणी क्रांती हे वाण काढलं. पुसा सावनीचा भेंडीच्या एका रानटी भावकीतल्या जातीशी संकर करून ही प्रतिकारशक्ती आणली होती. बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेचं अर्का अनामिकाही त्याच वाटेनं आलं. विषाणूच्या नव्या रूपांपुढे ही वाणंही सगळीकडे सारखी टिकत नाहीत, पण साध्या पाकिटापेक्षा बरी. आणि रोगट झाडाची शेंग चुकून खाल्ली म्हणून घाबरायचं कारण नाही; झाडांचा हा विषाणू माणसाला लागत नाही.

झेंडूचं एक रोप कोपऱ्यात खोचलं की सगळी कीड पळते, हाही असाच सोयीचा समज. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतात, पण त्यासाठी तो त्या जागेवर दाट, दोन-तीन महिने आधी वाढवावा लागतो. शोभेच्या एका रोपाला पांढरी माशी दाद देत नाही.

‘थोडी मोठी होऊ दे, भाजी जास्त होईल’

हा भेंडीचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. फूल गळाल्यापासून चार ते सहा दिवसांत शेंग काढण्याजोगी होते, कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर. त्यानंतर ती फक्त लांब होत नाही, आतून दोर वळायला लागते. शिवाय एक जरी जून शेंग झाडावर राहिली तरी झाडाला वाटतं बी धरलं, काम झालं, आणि नवी फुलं मंदावतात. म्हणून एक दिवसाआड तोडणी हवी. गावाला जायचं असेल तर शेजाऱ्यांना सांगावं, तुम्ही तोडा आणि तुम्हीच खा. इंचपट्टीवर भर देऊ नये, काही वाणं वीतभर होऊनही कोवळी असतात. टोक मोडून पाहावं: कट्कन तुटलं तर कोवळी, वाकून लोंबलं तर जून. (मंडईत ही परीक्षा घेणाऱ्यांवर भाजीवाल्या मावशी का चिडतात, हे स्वतः पिकवल्यावर कळतं.) तोडताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, खोडा-पानांवरची बारीक लव अंगाला खाज आणते.

डबल बीला हीच घाई केली तर हाती नुसती चपटी टरफलं येतात. शेंग फुगेपर्यंत, आतले दाणे बोटाला लागेपर्यंत थांबावं. साल अजून हिरवी पण तकाकी उतरू लागलेली, ही ओल्या दाण्यांची वेळ. झुडपी वाणांना पेरणीपासून अडीच महिने, उंच वेलींना तीन महिने आणि वर. सुके दाणे हवे असतील तर शेंग पिवळट-तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळू द्यावी, पण पाऊस पडायच्या आत काढावी.

‘घरचं आहे, कच्चंही चालतं’

कोवळी भेंडी कच्ची खाल्ली तर काही बिघडत नाही. डबल बीचा दाणा मात्र कधीच कच्चा खाऊ नये, मुलांना तर शेंगा सोलताना चघळूही देऊ नये. त्यात लिनामरिन नावाचा पदार्थ असतो आणि दाणा चावला किंवा ठेचला की त्यातून सायनाइड सुटतं. बाजारातल्या लागवडीच्या वाणांत त्याचं प्रमाण कमी असतं. रानटी आणि काही उष्णकटिबंधातल्या वाणांत कित्येक पट जास्त. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जावा आणि ब्रह्मदेशातून युरोपात गेलेल्या अशा दाण्यांनी विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून कुठून तरी आलेलं अनोळखी बी लावून खाण्याचा उत्साह आवरावा. दाणे भिजवावेत, ते पाणी टाकावं, भरपूर पाण्यात उघड्या भांड्यात उकळावेत, तेही पाणी काढून टाकावं आणि मग उसळ फोडणीला घालावी. वालातही या जातीचे पदार्थ असतात. भिजवणं, मोड आणणं, सोलणं आणि नीट शिजवणं हा बिरड्यामागचा सगळा खटाटोप चवीसाठी असेल, पण त्यानं हेही काम होतं.

भेंडीची तार पाण्यात फुगणाऱ्या चिकट कर्बोदकांची असते, म्हणून धुऊन, पुसून, मग चिरावी. आमसूल किंवा ताक पडलं की ती कमी होते. फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात भेंडी दोन दिवसांत काळपट डागाळते. कागदात गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवावी आणि लवकर संपवावी.

सुक्या डबल बीबद्दलचा शेवटचा गैरसमज डब्याशी निगडित आहे: औषध न मारलेलं, स्वच्छ उन्हात वाळवलेलं आहे, त्याला भुंगा कशाला लागेल? भुंग्याची मादी कित्येकदा वेलावरच्या शेंगांवरच अंडी घालून गेलेली असते. अळी दाण्यासकट डब्यात येते. वाळलेले दाणे पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवले की अळी मरते, किंवा दाण्यांना एरंडेलाचा हात फिरवला की अंडी गुदमरतात. पुढच्या वर्षीचं बी म्हणून ठेवायचे दाणे आधी कडकडीत वाळवावेत, ओलसर दाणा फ्रीझरमध्ये गेला तर उगवत नाही.