ती जिवंत आहे की मेली?

इजिप्तची राणी म्हटले की आपल्याला क्लिओपात्रा आठवते, फार तर नेफरटिटी. मी ज्या राणीविषयी लिहीत आहे तिचे नाव तिच्याबद्दलच्या पत्रातसुद्धा नाही. ती बॅबिलोनच्या राजाची मुलगी. इ.स.पूर्व चौदाव्या शतकात बापाने तिला फॅरो तिसरा आमेनहोटेप याला दिली. पुढे बाप गेला आणि भाऊ कदशमान-एन्लिल गादीवर बसला.

1887 साली इजिप्तमध्ये अमार्ना येथे मातीच्या पाट्या सापडल्या, साडेतीनशेहून अधिक. त्यांपैकी बहुतेकांवर त्या काळच्या राजांचा पत्रव्यवहार आहे. भाषा अक्कादी, म्हणजे बॅबिलोनकडची. इजिप्तचा दरबारही परराज्यांशी तीतच लिही. त्यांतले एक पत्र फॅरोने आपल्या या मेहुण्याला लिहिले आहे. आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

झाले होते असे. फॅरोने मेहुण्याची मुलगीही मागितली. त्यावर भावाने कळवले, की माझी बहीण तुझ्याकडे आहेच, पण ती जिवंत आहे की मेली हे कोणी पाहिलेले नाही. त्याच्या वकिलांना दरबारात जमलेल्या राण्यांमधली एक बाई दाखवून 'ही तुमची मालकीण' असे सांगण्यात आले होते. त्यांना ती ओळखता आली नाही. तिनेही तोंड उघडले नाही.

फॅरोचे उत्तर मोठे झोंबणारे आहे. तू पाठवलीस ती माणसे कोण? त्यांतला एक तर गाढवे राखणारा! तिला ओळखणारा, तिच्याशी बोलणारा एखादा मानकरी का नाही पाठवलास? ती मेली असती तर लपवून आम्हाला काय मिळाले असते? शेजाऱ्याकडून सोने मिळावे म्हणून मुली देतोस, असा टोलाही त्याने हाणला आहे.

हे सारे मी घरी आईला सांगितले. ती शाळेत गेलेली नाही. तिने एवढेच विचारले, "मुराळी म्हणून भाऊच का नाही गेला?" वाट कित्येक आठवड्यांची, राजा गादी सोडून कसा जाईल, असे मी समजावले. तिला ते पटले नाही.

आणि मलाही आता भावाची तितकी खात्री वाटत नाही. त्याने स्वतःसाठी फॅरोची मुलगी मागितली होती. इजिप्तची राजकन्या बाहेर दिली जात नाही, असे उत्तर आले. तेव्हा त्याने लिहिले, की मग कोणतीही सुंदर बाई तुझी मुलगी म्हणून पाठव. ती राजकन्या नाही असे कोण म्हणणार? बहिणीच्या जागी दुसरीच बाई दाखवली असेल, अशी शंका काढणारा तो हाच!

शेवटी त्याने आपली मुलगी द्यायचे कबूल केले. मुलगी वयात आली आहे, न्यायला माणसे पाठव, असे त्याचे पत्र आहे. आलेले 30 मिना सोने चांदीसारखे दिसते, ही तक्रारही त्याच पत्रात आहे. बहिणीविषयी त्यात एक अक्षर नाही.