हुशार मुलगा शाळेला, मठ्ठ मुलगा शेताला

“थोरला हुशार आहे, त्याला शिकवूं, धाकटा मठ्ठ आहे, तो शेत पाहील.” हें वाक्य आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलें असेल, आणि कित्येकांनीं तें पुढें आपल्या मुलांसमोर उच्चारलेंही असेल. बोलणाराच्या मनांत वाईट हेतु नसतो. दोघांच्या शिक्षणापुरता पैसा घरांत नसतो, आणि जमिनीजवळ कोणी तरी राहिलेंच पाहिजे. तेव्हां निवड करणें भागच असतें. परंतु ती करतांना जें कारण दिलें जातें, त्यांत एक निकाल उघड असतो व एक झांकलेला असतो. शेतीला बुद्धि लागत नाहीं, हा उघड निकाल. ज्याला बुद्धि कमी त्याचा मानही कमी, हा झांकलेला. पहिल्याचा निषेध करणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्याविषयीं सहसा कोणी बोलत नाहीं, आणि आमच्या मतें शेतकऱ्यांच्या घरांचें अधिक नुकसान त्यानेंच केलें आहे.

पहिल्या निकालाचा समाचार थोडक्यांत घेतां येण्यासारखा आहे. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारा मनुष्य ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना फार सांगावयास नको. बैलांची चाल मंदावली कीं मूठ आवळावी लागते, चाल वाढली कीं सैल सोडावी लागते. मूठ चुकली तर एके जागीं बीं दाट पडतें व पुढें विरळ, आणि ती चूक आठपंधरा दिवसांत येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांस बांधावरून वाचतां येते. आतां पुष्कळ ठिकाणीं हें काम ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानें घेतलें आहे. परंतु वाफसा आला कीं नाहीं हें यंत्र सांगत नाहीं. मातीचा गोळा मुठींत दाबून खालीं सोडावा, तो फुटून मोकळा झाला म्हणजे औत घालावें, एवढें पुस्तकांत लिहितां येतें. पण एकाच शेतांत माथ्याला वाफसा आलेला असतो, पायथ्याला चिखल असतो आणि आकाश तर पुनः भरून आलेलें असतें, अशा सकाळीं काय करावें याचें उत्तर ज्याचें त्यालाच द्यावें लागतें. जेथें शेतीपंपाला रात्रीच्या पाळीनें वीज मिळते, तेथें पौषमाघाच्या थंडींत दारें धरणारा मनुष्य या वाफ्यांतून त्या वाफ्यांत पाणी वळवीत पहाटेपर्यंत उभा असतो. यांत बुद्धि किती आणि सोशिकपणा किती, हें वेगळें काढून दाखवितां येणार नाहीं. आमचा अनुभव असा कीं, शेतांत चांगला निघालेला मनुष्य तल्लख असतोच असें नाहीं. तो टिकून राहणारा असतो. कालचें काम आज पुनः करण्याचा त्याला कंटाळा येत नाहीं. तल्लख मनुष्याला नेमकें तेंच जड जातें.

मग बुद्धीला, म्हणजे शाळेंत दिसणाऱ्या बुद्धीला, एवढा भाव कोठून आला? मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालीं झाली, आणि पुढें मॅट्रिकची परीक्षा हा सरकारी कचेरीचा दरवाजा ठरला. त्या दरवाजाच्या आंत पगार होता, पेन्शन होतें. तेथें पावसाची वाट पाहावी लागत नव्हती. दुष्काळांत ज्याचीं गुरें दावणीला मेलीं, त्यानें पगाराकडे डोळे लावले यांत गैर तें काय? दरवाजा अरुंद आणि आंत जाऊं इच्छिणारे पुष्कळ, म्हणून त्यांतून पार होणाऱ्या मुलाला भाव आला. बाजारांत जिन्नस दुर्मिळ झाला कीं त्याचा दर चढतो, तसाच हा प्रकार. घोटाळा पुढें झाला. बाजारभाव होता तो माणसाची किंमत होऊन बसला.

हा घोटाळा आपल्याच देशांत झाला असें मात्र नाहीं. पॅरिसमध्यें आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों यांनीं १९०५ सालीं मुलांची बुद्धि मोजण्याची एक कसोटी तयार केली. तिचा हेतु मर्यादित होता: शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखावीं व त्यांना वेगळें साहाय्य द्यावें. या मापानें मुलाची कायमची प्रत ठरवूं नये, असें बिने यांनीं स्वतः बजावलें होतें. कसोटी अमेरिकेंत गेली आणि १९१६ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत तिची नवी आवृत्ति निघाली. बजावणी मात्र बरोबर गेली नाहीं. व्हर्जिनिया राज्यांत १९२४ सालीं असा कायदा झाला कीं, सरकारी आश्रयगृहांत ठेवलेल्या ‘मंदबुद्धि’ लोकांस संतति होऊं नये म्हणून त्यांच्यावर शस्त्रक्रिया करतां यावी. कॅरी बक नांवाच्या तरुण स्त्रीचें मानसिक वय या कसोटीनें नऊ वर्षें ठरविण्यांत आलें. तिचा दावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९२७ सालीं आठ विरुद्ध एक मतानें निकाल तिच्या विरुद्ध लागला, आणि त्याच वर्षीं तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. ती शाळेंत इतर मुलांसारखीच बरी होती, असें पुढें उघडकीस आलें. तिच्या तान्ह्या मुलीलाही मंद ठरविलें होतें. तीच मुलगी पुढें शाळेंतील गुणी विद्यार्थ्यांच्या यादींत आली.

ही हकीकत सांगून लोक बहुधा येथें थांबतात: पाहा, ती बिचारी मंद नव्हतीच! आम्हांस येथेंच एक प्रश्न विचारावासा वाटतो. समजा, ती खरोखरीच मंद असती, तर तो निकाल न्यायाचा झाला असता काय?

आमच्या घरांतून असें क्रौर्य होत नाहीं, हें खरें. पण माप तेंच आहे. पाहुणे आले कीं नोकरीवाला मुलगा त्यांच्या शेजारीं बसतो आणि शेतांतला मुलगा चहाचे कप आणतो. विहीर खोल करावी कीं बोअर पाडावी, याचा सल्ला सुटींत आलेल्या भावाला विचारला जातो; ज्यानें दहा उन्हाळे त्या विहिरीचा तळ पाहिला आहे, तो दाराशीं उभा राहून ऐकतो. आणि मुलीचें स्थळ पाहूं लागलें कीं शेतकरी बापच आधीं विचारतो, मुलगा नोकरीला कोठें आहे? ज्या धंद्यावर आपण वाढलों, त्यांत राहिलेला मुलगा आपल्याला जांवई म्हणून नको असतो. दुसऱ्यानें आपल्याला अडाणी म्हटलें तर आपण चिडतों. परंतु हा दाखला आपणच आपल्या मुलाच्या हातीं दिलेला असतो.

यावरून शिक्षण नको असा अर्थ कोणी काढूं नये. अविद्येनें शेतकऱ्याचें काय झालें, हें जोतीराव फुले यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत १८८३ सालींच दाखवून दिलें आहे. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं कोल्हापूर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, तें उगीच नव्हे. शिवाय जमीन तरी सर्वांना कोठून पुरणार? १९७०-७१ च्या कृषिगणनेंत महाराष्ट्रांतील खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ च्या गणनेंत ती १.३४ हेक्टरवर आली. कांहीं मुलांनीं बाहेर पडलेंच पाहिजे, आणि ज्याला पुस्तकाची गोडी आहे त्यानें पडावें हें सरळ आहे. आमचा आक्षेप मुलगे वांटण्यावर नाहीं; मान वांटण्यावर आहे. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं स्थापिलेल्या रयत शिक्षण संस्थेंत ‘कमवा व शिका’ ही रीत पडली, तींत ज्या हातांत वही त्याच हातांत कुदळ असे. ती रीत आपण मोठ्या कौतुकानें सांगतों, पण घरीं आणीत नाहीं.

शेतांतल्या बुद्धीचें उदाहरण म्हणून दादाजी खोब्रागडे यांचें नांव घेतलें जातें, आणि तें घेण्याजोगेंच आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांत नांदेड या गांवचे हे अल्पभूधारक शेतकरी, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ सालीं ‘पटेल ३’ या भाताच्या पिकांत त्यांना कांहीं लोंब्या निराळ्या रंगाच्या दिसल्या. त्या त्यांनीं वेगळ्या काढल्या, बीं जपून ठेवलें, दुसऱ्या वर्षीं तें निराळें लावलें, आणि वर्षामागून वर्ष निवड करीत राहिले. त्यांतून बारीक दाण्याचें जें वाण स्थिर झालें, त्याला त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून एचएमटी हें नांव पडलें. आज त्या तांदळाचें नांव महाराष्ट्राबाहेरही ठाऊक आहे. यानंतरही त्यांनीं अनेक वाणें निवडलीं. पुढें कृषि विद्यापीठानें १९९८ सालीं पीकेव्ही एचएमटी हें वाण प्रसिद्ध केलें. आपणांस योग्य तें श्रेय मिळालें नाहीं, अशी दादाजींची तक्रार होती. २००५ सालीं त्यांना राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. ३ जून २०१८ रोजीं ते वारले. शेवटचीं वर्षें ओढगस्तींत गेलीं.

दादाजींच्या लोंब्यांशेजारून त्या हंगामांत आणखी कितीजण चालत गेले असतील! दिसल्या त्या ज्याचें लक्ष होतें त्याला. तथापि या उदाहरणाचा उपयोग जसा केला जातो, तो आम्हांस पुरता मान्य नाहीं. ‘तिसरी शिकलेला मनुष्यही संशोधक होतो, म्हणून शेतकऱ्याला कमी लेखूं नका’, असें सांगितलें कीं त्याचा अर्थ असा होतो: ज्यानें नवें वाण काढलें नाहीं, त्याला कमी लेखण्यास हरकत नाहीं! नागभीड तालुक्यांत भात लावणारे हजारों आहेत. त्यांच्यापैकीं कोणाच्या नांवावर वाण नाहीं. ते रोवणी वेळेवर करतात, बांध्यांतलें पाणी राखतात, म्हाताऱ्या आईबापांस संभाळतात. त्यांच्यांतले कांहीं खरोखर मठ्ठही असतील; शंभर माणसांत तसे कांहीं असावयाचेच, कचेरींतही असतात. त्यांचा मान ठरविण्यासाठीं आधीं त्यांच्यांत लपलेली बुद्धि शोधून काढावी लागत असेल, तर आपण बुद्धीची पूजा सोडलेली नाहीं. फक्त देव्हारा बदलला आहे.

हें सर्व आम्हांस सुचलें तें गेल्या वर्षींच्या एका प्रसंगावरून. परिचयाच्या एका घरीं वांटणीसाठीं आम्हांस बोलावणें आलें. जमीन अकरा एकर, त्यांपैकीं चार बागाईत. थोरला इंजिनियर, शहरांत स्थाईक. धाकट्याला सातवीनंतर शाळेंतून काढलें, तेव्हांपासून तो शेतांत. एक बहीण, तिच्या हक्काविषयीं वाद नव्हता, आणि नसावाच. थोरल्याचें म्हणणें, कायद्यानें सारखे वांटे करावे. आपला वांटा विकून त्याला शहरांत घर घ्यावयाचें होतें. कायदा त्याच्या बाजूला होता. विकावयाची म्हणजे अर्थातच विहिरीलगतची जमीन, कारण किंमत तिलाच येणार.

धाकटा बराच वेळ बोलला नाहीं. मग आंत जाऊन त्यानें वडिलांची एक वही आणली. म्हातारा टिपणें ठेवणारा होता. थोरल्याच्या प्रत्येक सहामाहीचा खर्च मांडलेला, आणि खालीं तो कोठून भागविला तें लिहिलेलें. कॉलेजची फी: खिलारी जोडी विकली. वसतिगृह: बांधावरचे दोन आंबे तोडून दिले. पुस्तकें व परीक्षा फी: धाकट्याची ऊसतोडीची मजुरी. ही शेवटची नोंद चार ठिकाणीं होती.

आम्हीं धाकट्याला विचारलें, हें आधीं कां काढलें नाहीं? तो म्हणाला, “मला अक्कल नाहीं हें लहानपणापासून ऐकत आलों. हिशेब विचारला असता तर तुला त्यांतलें काय कळतें, असेंच सगळे म्हणाले असते.”

थोरल्यानें वही घेऊन दोनतीनदां पानें उलटलीं. “यांतलें मला कांहीं ठाऊक नव्हतें,” तो म्हणाला.

“दादा, तुला सांगूं नये असें आबांनींच बजावलें होतें. अभ्यासावरचें तुझें मन उडेल म्हणाले.”

बापानें हिशेब ठेवला हें चांगलेंच केलें. तो दोघांनाही बसवून वाचून दाखविला असता तर अधिक चांगलें झालें असतें, आणि ज्या वाचकांच्या घरीं अशी दोन मुलें आज आहेत, त्यांनीं तें हयातींतच करावें. शेतांतल्या मुलाच्या नांवानें दरसाल कांहीं रक्कम वेगळी टाकावी. ती थोडी असली तरी कागदावर दिसली पाहिजे. एकानें आपल्या हिश्श्याचा कांहीं भाग शिक्षणाच्या रूपानें आधींच उचलला असेल, तर तसें लिहून ठेवावें, म्हणजे मागाहून कोणाला कायद्याआड उभें राहावें लागत नाहीं व कोणाला दाराआड.

त्या घरची वांटणी अजून झालेली नाहीं. थोरला त्या दिवशीं वहीची नक्कल उतरून घेऊन गेला. रब्बीची रास उरकल्यावर पुनः बसावयाचें ठरलें आहे, आणि विहिरीलगतची जमीन तोंपर्यंत कोणाला दाखवावयाची नाहीं, एवढें दोघांनींही कबूल केलें आहे.