मोटारीचे स्नान

फेसावर माणसाचा विश्वास फार जुना आहे. रिठ्याच्या पाण्याने रेशमी वस्त्र धुणारी गृहिणी आधी हाताने ते पाणी ढवळून पाहते. फेस आला म्हणजे मळ निघणार, अशी तिची खूणगाठ असते. घरच्या घरी मोटार धुण्यासाठी बाजारात मिळू लागलेला फेसाचा फवारा हे या विश्वासाचेच नवे रूप होय. हाताने दाब भरावयाची एक बाटली, तीत थोडे साबणाचे पाणी, आणि कळ दाबताच मोटारीच्या अंगावर पसरणारा पांढराशुभ्र थर. पाहणाऱ्यास वाटते की आता मळाचे काही खरे नाही. परंतु फेस नेमके कोणते काम करतो, त्या कामाला किती पाणी व किती साबण पुरे होतो, आणि काम संपल्यावर ते पाणी जाते कोठे, हे तीन प्रश्न त्या शुभ्र थराखाली सहज झाकले जातात. त्यांची उत्तरे शोधावयाची तर कलकत्त्याच्या बागबाजारासारखी दुसरी सोयीची जागा नाही.

उत्तर कलकत्त्यातील ही जुनी वस्ती मराठी माणसास अगदीच परकी नाही. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले, तेव्हा त्या धास्तीने कलकत्त्याभोवती एक खंदक खणावयास घेण्यात आला. त्याचे उत्तरेकडील टोक बागबाजारापाशी होते. बेत सुमारे सात मैलांचा होता. प्रत्यक्षात तीनएक मैल खणून झाले आणि काम थांबले. मराठे काही तेथवर आले नाहीत. पुढे खंदक बुजला, त्यावर रस्ते झाले. मात्र ‘मराठा डिच लेन’ हे नाव बागबाजारातील एका गल्लीस चिकटून राहिले. अशा गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांस खेटून, आणि घरापुढे ओटा. मोटारीसाठी वेगळी खोली असलेले घर विरळा. मोटार भिंतीला लागून उभी असते, आणि तिच्या चाकापासून दोन हातांवर गटाराची जाळी असते.

पश्चिमेस हुगळी वाहते. ती गंगेचाच फाटा असल्याने तेथील लोक तिला गंगाच म्हणतात. या नदीने आणलेल्या गाळाच्या भूमीवरच सारे शहर वसलेले आहे. तो गाळ बोटांत चोळला तर मऊ लागतो. पण त्यात गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, बारीक कण असतात आणि उन्हात चमकणारा अभ्रकही असतो. क्वार्ट्‌झ काचेहून कठीण आहे. हा गाळ वाळून धूळ होतो आणि ती धूळ मोटारीवर बसते. सकाळी कोरडे फडके घेऊन मोटार पुसणारा मनुष्य आपल्या समजुतीप्रमाणे धूळ काढीत असतो. वस्तुतः तो तीच धूळ रंगावर घाशीत असतो. जुन्या काळच्या मोटारींना हे काही अंशी खपून जाई. हुगळीपलीकडे उत्तरपाडा येथील कारखान्यात तयार होणारी ॲम्बॅसडर, जिचे उत्पादन २०१४ साली बंद झाले, ती अशा कोरड्या फडक्याखालीच म्हातारी झाली. आजच्या मोटारीच्या रंगावर मात्र एक पारदर्शक लेप असतो. त्याची जाडी साधारणपणे चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असते. मोटारीची सारी झळाळी या पातळ थरात आहे. त्यावर पडलेला प्रत्येक बारीक ओरखडा प्रकाश विखरून टाकतो, आणि चार-पाच वर्षांत नव्या मोटारीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या वर्तुळाकार रेषा दिसू लागतात.

तेव्हा धूळ घासण्यापूर्वी ती सैल करणे हे पहिले काम होय. नुसते पाणी या कामात कमी पडते, कारण पाण्याच्या पृष्ठभागाला एक ताण असतो. अळूच्या पानावर थेंब जसा गोल होऊन घरंगळतो, तसाच तो मेणाचा हात दिलेल्या रंगावरूनही घरंगळतो; धुळीखाली शिरत नाही. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी मैत्री करते, दुसरे तेलाशी. हे रेणू पाण्यात मिसळताच त्याचा पृष्ठताण निम्म्याहूनही खाली येतो, पाणी पसरते, धूळ व रंग यांच्यामधील फटीत शिरते. तेलकट कणांभोवती साबणाचे रेणू कडे करतात आणि त्यांना उचलून पाण्यात तरंगते ठेवतात. स्वच्छतेचे खरे काम हे आहे, आणि ते फेसाचे नसून साबणाच्या पाण्याचे आहे.

मग फेस कशासाठी? फेसाचा गुण धरून ठेवण्याचा. नुसते साबणाचे पाणी मोटारीच्या उभ्या दारावर ओतले तर ते क्षणात ओघळून जमिनीवर जाते. त्याच पाण्यात हवा कोंडून त्याचा फेस केला म्हणजे ते दारावर चिकटून राहते आणि बुडबुड्यांच्या भिंतींतून हळूहळू पाझरत मळाला भिजवीत राहते. फेसात बहुतांश हवाच असते. म्हणून थोडक्या पाण्यात मोठा भाग झाकला जातो. फेस म्हणजे मळाला दिलेला वेळ, एवढे ध्यानात ठेवले तर त्याचा वापरही बरोबर होतो. फेस किती जाड दिसतो याला महत्त्व नाही. तो किती वेळ ओला राहतो याला आहे.

फेस येणे पाण्याच्या जातीवरही अवलंबून असते. मराठीत शास्त्रीय परिभाषा करणाऱ्यांनी ही गोष्ट शब्दांतच गोवून ठेवली आहे : ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन, आणि होत नाही ते दुष्फेन. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. ते साध्या साबणाशी संयोग पावून त्याचा साका करतात. दख्खनच्या कित्येक विहिरींचा हा अनुभव घरोघरी आहे. बागबाजारात नदीचे शुद्ध केलेले नळाचे पाणी वापरणे इष्ट. कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार आणि लोह रंगावर वाळले की त्यांचे डाग उरतात. मोटारीसाठी खास बनविलेल्या सौम्य द्रावणात कृत्रिम क्षालके असल्याने ती दुष्फेन पाण्यातही फेस देतात. कपड्यांची पूड किंवा धुण्याचा सोडा मात्र वापरू नये. तो मळाबरोबर मेणाचे संरक्षकही धुऊन नेतो.

फवाऱ्याची रचना साधी आहे. बाटलीच्या डोक्यावरील दट्ट्याने आत हवा कोंबावयाची. तिच्या दाबाने द्रावण नळीतून वर चढते, वाटेत हवेशी मिसळते आणि तोंडाशी बसविलेल्या बारीक जाळीतून जाताना त्याचे असंख्य लहान बुडबुडे होतात. यावरून तीन नियम आपोआप निघतात. बाटली काठोकाठ भरू नये, दोन-तृतीयांश भरावी. कारण उरलेली जागा दाबलेल्या हवेची आहे. झाकण उघडण्यापूर्वी झडपेतून दाब सोडावा, नाही तर ते तोंडावर उडेल. आणि काम झाल्यावर साध्या पाण्याचा एक फवारा मारून जाळी धुवावी, कारण आत वाळलेला साबण ती बुजवून टाकतो.

प्रत्यक्ष धुण्याचा क्रम असा ठेवावा. मोटार सावलीत असावी आणि तिचा पत्रा हाताला थंड लागावा. तापल्या पत्र्यावर फेस वाळतो व डाग पाडतो. प्रथम चाके वेगळ्या फडक्याने धुवावीत, कारण तेथील चिखलात लोखंडाची व ब्रेकची पूड असते. मग पाणी शिंपडून सुटी धूळ वाहवून द्यावी आणि फेस मारावा. तीन ते पाच मिनिटे तो मुरू द्यावा, पण वाळू देऊ नये. त्यावर पाणी सोडल्यावर मळाचा मोठा भाग हात न लावताच जातो. राहिलेल्यासाठी दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणाच्या पाण्याची व एक साध्या पाण्याची. मऊ, लांब तंतूंचे फडके प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच साबणात बुडवावे. हात वरून खाली आणि सरळ रेषेत चालवावा, गोल फिरवू नये. शेवटी स्वच्छ पाणी, आणि लगेच मऊ पंचाने टिपणे. बंगालमध्ये सप्टेंबरच्या मध्यास विश्वकर्म्याच्या पूजेला आणि महाराष्ट्रात दसऱ्याला वाहने धुऊन त्यांस हार घालतात. त्या दिवशी घाईने केलेल्या घासाघाशीपेक्षा हा वीस-पंचवीस मिनिटांचा क्रम वाहनाचा अधिक सन्मान करतो.

आता पाण्याचा हिशेब. सोडून दिलेल्या नळीतून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी जाते. पंधरा मिनिटांच्या स्नानाला सहज दीडशे-दोनशे लिटर होतात. आपल्या देशात मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते. म्हणजे एका मोटारीने एका माणसाच्या दिवसाहून अधिक पाणी घेतले. फवारा व दोन बादल्या वापरल्या तर चाळीस-पन्नास लिटरांत काम होते. बागबाजाराच्या नळाला येणारे पाणी सहज आलेले नसते. शहराच्या उत्तरेस पलता येथे नदीतून ते उचलून गाळतात. १८७० पासून ही व्यवस्था चालू आहे. तेथून ते टाला येथील उंच पोलादी टाकीत येते. १९११ साली पुऱ्या झालेल्या या टाकीत नव्वद लाख गॅलन पाणी मावते. नदीकाठच्या माणसास पाणी अमर्याद वाटते. पण गाळलेले, उपसलेले आणि उंच चढविलेले पाणी कधीच अमर्याद नसते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली आगगाडी लातुरास पोहोचली, तेव्हा महाराष्ट्राने हे डोळ्यांनी पाहिले. बंगळूर शहरात मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने मोटार धुणाऱ्यास पाच हजार रुपये दंड सांगावा लागला.

तिसरा प्रश्न राहिला तो जाळीतून खाली गेलेल्या पाण्याचा. कलकत्त्याच्या जुन्या भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विल्यम क्लार्क या अभियंत्याच्या योजनेनुसार विटांची भुयारी गटारे बांधली गेली. पावसाचे पाणी आणि घरांचे सांडपाणी त्यांतून एकत्रच वाहते, आणि शहराची भूमी पूर्वेकडे उतरती असल्याने ते नदीकडे न जाता पूर्वेस जाते. तेथे उथळ तळ्यांचा मोठा प्रदेश आहे. या तळ्यांस भेरी म्हणतात. सांडपाण्यातील द्रव्यावर जंतू व शेवाळ वाढतात, ऊन पाण्यास शुद्ध करते, शेवाळावर व सूक्ष्म जीवांवर मासे पोसतात. रोहू, कटला व मृगळ येथूनच शहराच्या बाजारात येतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने आपले आयुष्य या व्यवस्थेच्या अभ्यासास व रक्षणास वाहिले. २००२ साली साडेबारा हजार हेक्टरांच्या या प्रदेशास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ भूमी म्हणून मान्यता मिळाली.

या तळ्यांत पुष्कळ काही पचते. पण सर्वच काही नाही. क्षालकाचा जो गुण मळाला सोडवतो, तोच माशाच्या कल्ल्यांवरील नाजूक आवरणास इजा करतो. १९५० नंतरच्या दशकात वापरात असलेली क्षालके जंतूंना पचत नसत, आणि युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. १९६० नंतर रसायनज्ञांनी रेणूची फांद्यांची साखळी सरळ केली, तेव्हा जंतूंना ती तोडता येऊ लागली. तरीही प्राणवायू नसलेल्या, सांडपाण्याने कोंडलेल्या प्रवाहात हे काम अडते. दिल्लीजवळ यमुनेवर आणि बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावावर दिसलेला फेस हा असंख्य घरांतल्या बादल्यांचा एकत्र झालेला हिशेब आहे.

एका मोटारीच्या फेसाने तळे मरत नाही, हे खरे. पण गल्लीत मोटारी दहा असतात, गल्ल्या हजार असतात, आणि जाळीखालचे गटार सर्वांचे एकच असते. म्हणून बाटलीत द्रावण ओतताना ते झाकणाने मोजून ओतावे, जंतूंना पचणारे व फॉस्फेट नसलेले घ्यावे, आणि उरलेले गटारात न रिकामे करता पुढच्या खेपेस वापरावे. मोटारीवर फेस थोडा कमी दिसला तरी ती तितकीच स्वच्छ होते. बागबाजारातील गृहस्थाच्या ताटात दुपारी येणारा मासा कदाचित त्याच पाण्यात वाढलेला असतो. साबण मोजणारा हात त्या ताटाचीही काळजी घेत असतो.