एकोणीस घरं आणि विसावी कोपी

तळेगाव ढमढेरे हे शिरूर तालुक्यातलं वेळ नदीकाठचं मोठं गाव. जुनं गावठाण, मळ्यांतल्या विखुरलेल्या वस्त्या, सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या, वीटभट्ट्या, आणि या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या फडाशेजारी उभ्या राहणाऱ्या तोडणी कामगारांच्या कोप्या. अशा गावात लहान मुलांचं लसीकरण वेळेवर होतं की नाही, हे कसं कळणार? घरोघर फिरायचं तर किती दिवस जातील कोण जाणे. पण या प्रश्नाचं कामचलाऊ, तरीही भक्कम उत्तर अवघ्या १९ घरांत मिळतं.

पद्धत अशी. लहान मूल असलेल्या घरांची यादी घ्यायची, चिठ्ठ्या टाकून १९ घरं निवडायची आणि प्रत्येक घरी मुलाचं लसीकरण कार्ड पाहायचं. उद्दिष्ट ८० टक्क्यांचं असेल, तर १३ किंवा त्याहून जास्त मुलांच्या लसी पूर्ण हव्यात. १२ किंवा कमी मुलांच्याच पूर्ण निघाल्या, तर इथं काम कमी पडतंय असं समजायचं. आता या १३ आकड्याची करामत पाहा. गावात खरोखर ८० टक्के मुलांना लस मिळाली असेल, तरी नशिबानं वाईट चिठ्ठ्या निघून गाव नापास ठरण्याची शक्यता १०० त सुमारे ७. आणि निम्म्याच मुलांना मिळाली असेल, तरी गाव पास होऊन निसटण्याची शक्यता १०० त सुमारे ८. म्हणजे दोन्ही बाजूंची चूक दहाच्या आत! त्याहून नवल म्हणजे मुलं ५०० असोत की ५०,०००, घरं १९ च पुरतात. नेमके किती टक्के, हे ही पद्धत सांगत नाही. पण आरोग्यसेविकेनं उद्या आधी कुठल्या भागात जावं, हे नक्की सांगते.

हे गणित जन्मलं कारखान्यात. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीत हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांना प्रत्येक सुटा भाग न तपासता अख्खा लॉट घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवायचं होतं. पुढे साठेक वर्षांनी तीच युक्ती आरोग्यसेवेच्या तपासणीत आली. आपल्या शेतकऱ्याला तरी ती परकी का वाटावी? पीक कापणी प्रयोगात प्रत्येक रान कुठे कापतात? चिठ्ठीनं निवडलेल्या शेतात एक तुकडा आखायचा, तेवढाच कापायचा, मळायचा, वजन करायचं, आणि त्यावरून मोठ्या भागाचं उत्पादन काढायचं. ही पद्धत शास्त्रशुद्ध पायावर उभी करणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले.

खरी गोम मात्र चिठ्ठ्यांच्या आधी आहे. ती यादी कुठून आली? घरपट्टीच्या नोंदवहीतून घेतली तर कोपी त्यात नाही. मतदार यादीवरून केली तर बीडहून ऊसतोडीला आलेलं जोडपं त्यात नाही, भट्टीवरचं कुटुंब नाही. ज्याचं नावच डब्यात टाकलेलं नाही, त्याची चिठ्ठी निघणार कशी? एक हिशेब मांडून पाहा. धरून चाला, एका गावात १,००० मुलं आहेत. पक्क्या घरांतल्या ९०० पैकी ७९२ जणांना लस मिळाली, म्हणजे ८८ टक्के. भट्ट्या आणि कोप्यांतल्या १०० पैकी फक्त १० जणांना. एकूण ८०२. सगळ्यांची नावं यादीत घेऊनही हे गाव ८० टक्क्यांचं उद्दिष्ट गाठतं! सरासरी खोटं बोलत नाही, पण ती नव्वद मुलं तिच्या पोटात दिसेनाशी होतात. म्हणून सेवेचा दर्जा एका आकड्यात मोजून भागत नाही. पक्क्या घरांतली १९ वेगळी घ्यायची, भट्ट्या-कोप्यांतली १९ वेगळी घ्यायची आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवायचे. त्यांच्यात जे अंतर निघेल, तेच सर्वसमावेशकतेचं माप.

सुटलेल्यांना यादीत आणणं हे कागदावरचं स्वप्न नाही, या देशानं ते करून दाखवलंय. पल्स पोलिओच्या वेळी दारावर खडूनं केलेल्या खुणा आठवतात? एखादं मूल राहिलेल्या घरावर वेगळी खूण असायची आणि पथक तिथं पुन्हा जायचं. त्याशिवाय वीटभट्ट्या, बांधकामाच्या जागा, भटक्यांचे तळ यांच्या खास याद्या केल्या गेल्या. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही, आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त घोषित झाला. हे यश राहून गेलेलं घर शोधणाऱ्यांचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मोजणीचा याहून थक्क करणारा नमुना शिरूर तालुक्यातच आहे. वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजी यांनी १९७० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. त्याच कामातून २००२ पासून शिरूर आणि हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घरोघरी नोंद सुरू झाली. इथं चिठ्ठ्या नाहीत, कार्यकर्ते दर सहा महिन्यांनी प्रत्येक घरी जातात. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण राहायला आलं, कोण गाव सोडून गेलं, सगळं लिहितात. घरी कुणी वारलं असेल, तर आप्तांशी सावकाश बोलून मृत्यूचं कारण शोधलं जातं. येणारा-जाणाराही मोजायचा, हे इथं आधीच ठरलेलं आहे. कारखान्यांनी भरत चाललेल्या पट्ट्यात याचं मोल फार मोठं.

पण सेवा चांगली की वाईट, हे सांगायचा अधिकार कुणाचा? २००७ मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता, आणि राज्यपातळीवरचा समन्वय पुण्याच्याच ‘साथी’ संस्थेकडे होता. गावकरी आणि गाव समितीचे सदस्य एकत्र बसून सेवांना रंग द्यायचे: चांगल्या सेवेला हिरवा, बऱ्या सेवेला पिवळा, वाईट सेवेला लाल. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हे प्रगतिपुस्तक वाचता यायचं. मग जनसुनवाईत आरोग्य अधिकाऱ्यांसमोर लाल रंगाचा जाब विचारला जायचा. पाच जिल्ह्यांतल्या गावांत पहिल्या फेरीत सरासरी ४८ टक्के बाबींना ‘चांगली’ हा शेरा होता, तिसऱ्या फेरीत तो ६६ टक्क्यांवर गेला.

तुमच्या गावात पुढची ग्रामसभा भरेल तेव्हा अंगणवाडीच्या लाभार्थ्यांची यादी मागून घ्या. ती हातात घेऊन जवळच्या वीटभट्टीवर किंवा फडावर जा, तिथल्या मुलांची नावं विचारा, आणि यादीत नसलेली नावं लिहून ताईंकडे द्या.