वजन : केवळ आहार आणि व्यायामाचा हिशेब नव्हे

वजन वाढले की दोष खाण्याचा किंवा आळसाचा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. लोणावळ्याची चिक्की वा मावळचा इंद्रायणी भात यांवर ठपका ठेवणेही सोपे असते. परंतु भातलावणीत दिवसभर राबणाऱ्या स्त्रीचे वजन का वाढावे, सडपातळ तरुणाला मधुमेह का व्हावा, याचे पूर्ण उत्तर ताटात सापडत नाही.

उत्तराचा एक भाग आपल्याच जिल्ह्यात मिळाला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. आपल्या बालकांचे स्नायू बरेच कमी होते. त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. शरीराची ठेवण गर्भातच घडू लागते, हे यावरून दिसते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध झाली. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा बीएमआय दोघांचाही २२.३, शरीरातील मेद मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के! काटा सारखा असूनही शरीरे निराळी होती.

याशिवाय आनुवंशिकता, वाढते वय, अपुरी झोप, रात्रपाळी, थायरॉइडची मंदावलेली क्रिया, तसेच स्टिरॉइड व मानसिक विकारांवरील काही औषधे यांचाही वजनावर परिणाम होतो. वजन घटू लागताच शरीर भूक वाढविते व ऊर्जेचा खर्च आवरते. म्हणूनच प्रामाणिक प्रयत्न करूनही अनेकांना अपेक्षित यश येत नाही.

याचा अर्थ पथ्य व व्यायाम व्यर्थ आहेत असा मुळीच नाही. वजन फारसे न घटताही त्यांनी रक्तातील साखर व रक्तदाब सुधारतो. मात्र काट्याबरोबर कंबरही मोजावी. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक घेर असल्यास रक्ततपासणी करून घ्यावी. चालू औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

स्थूल व्यक्तीला दूषणे दिल्याने ती दवाखान्यापासून दूर राहते आणि उपचारास विलंब होतो. तिला दोष न देता तपासणीस आणावे. आणि घरातील मुलींच्या पोषणाकडे लग्नापूर्वीपासूनच लक्ष द्यावे. पुढील पिढीच्या आरोग्याचा पाया तेथेच घातला जातो.