चार ट्रॅक आणि एक पिवळी स्कूटर

१९८४ साली गोव्यात, बार्देशातल्या शिवोली गावच्या वडिलोपार्जित घरात, रेमो फर्नांडिसने एक अख्खा अल्बम एकट्याने उभा केला. गाणी त्याची, वाद्यं त्याने वाजवलेली, आवाज त्याचे. ध्वनिमुद्रण त्याने केलं, मिक्सिंग केलं, कव्हरही स्वतः काढलं. कुठल्याही मोठ्या कंपनीचा शिक्का त्यावर नव्हता. तयार कॅसेट पिवळ्या स्कूटरवर लादून तो गोव्यातल्या दुकानांतून फिरला. ‘गोअन क्रेझी’ असं त्या कॅसेटचं नाव. भारतातल्या स्वतंत्र संगीताचा इतिहास लिहायचा झाला, तर माझ्या मते त्याचं पहिलं पान या स्कूटरला द्यावं लागेल.

हे जमलं ते एका यंत्रामुळे. टॅस्कॅम कंपनीने १९७९ मध्ये कॅसेटवर चालणारा चार ट्रॅकचा पहिला रेकॉर्डर बाजारात आणला आणि स्टुडिओ घरातल्या टेबलावर आला. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. हे यंत्र चारही पट्टे एकाच दिशेने वापरायचं, शिवाय फीत दुप्पट वेगाने फिरवायचं. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटांचं काम. आधी गिटार, ती ऐकत दुसऱ्या पट्ट्यावर बेस, मग तिसरं वाद्य. तिन्ही एकत्र करून चौथ्या पट्ट्यावर उतरवायची की पहिले तीन पुन्हा मोकळे. पण एकदा उतरवलं की बेस थोडा वाढवू, गिटार थोडी मागे घेऊ, याला वाव नाही. शिवाय दर उतरवणीला फितीची खरखर वाढते. एकट्या माणसाला चार-पाच जणांचा बँड व्हायचं असेल, तर अख्खं गाणं आधी डोक्यात वाजावं लागतं. रेमो शिकलेला आर्किटेक्ट होता, मुंबईच्या जे. जे.चा. इमारत उभी राहण्याआधी कागदावर पाहण्याची ती शिस्त त्याला इथे उपयोगी पडली असणार, असं मला नेहमी वाटतं.

एकट्याने काम करण्याआधी तो पुष्कळ बँडमधून गेला होता. १९५३ साली पणजीत जन्म. शाळेत असताना मित्रांबरोबर ‘द बीट फोर’, मुंबईत कॉलेजात असताना ‘द सॅव्हेजेस’. १९७७ ते १९८० या काळात युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकंती. कधी रस्त्यावर वाजवायचं, कधी तिथे जमवलेल्या बँडबरोबर. परतल्यावर गोव्यात ‘इंडियाना’. बँडमध्ये माणूस ऐकायला शिकतो, दुसऱ्यासाठी जागा सोडायला शिकतो. ‘गोअन क्रेझी’मधल्या एकट्या रेमोच्या मागे ही सगळी संगत आहे.

त्याच १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ सुरू झाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, जयेश गांधी ही त्यातली नावं. कॉलेजांच्या मंचावर परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवली की टाळ्या मिळायच्या, त्या काळात या पोरांनी स्वतःची गाणी लावून धरली. पहिला अल्बम १९८८ मध्ये, दुसरा १९९० मध्ये. १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झालं आणि ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला १९९५ मध्ये एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला. आणि अवघ्या दोन वर्षांत बँड फुटला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ काढला. २०१० मध्ये मंडळी पुन्हा जमली, २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व’ आला. पुरस्काराने बँड टिकत नाही. महिन्याचं भाडं भागलं, तर टिकतो.

रेमोला ते भागवता आलं, कारण त्याची वाट दुहेरी होती. १९८६ मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’ हा अल्बम सीबीएस कंपनीने काढला, त्याच वर्षी पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या महोत्सवात त्याला तीन पारितोषिकं मिळाली. दुसरीकडे सिनेमा: श्याम बेनेगलांचा ‘त्रिकाल’, मग ‘जलवा’, १९९५ मध्ये ‘बॉम्बे’तलं ‘हम्मा हम्मा’. सिनेमाने त्याला घरोघरी नेलं, पण तो शिवोली सोडून मुंबईत राहायला आला नाही. २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. माझ्या लेखी त्याची मोठी कमाई म्हणजे सिनेमाला आवाज देऊनही त्याने आपली गाणी आपल्या घरात ठेवली.

आता आपल्या ठाण्यातल्या नौपाड्याकडे येऊ. शिवोलीच्या घराला होत्या तशा जाड भिंती आणि मोकळं अंगण आपल्याकडे नाही. विष्णूनगरातल्या दोन खोल्यांत ड्रम वाजवला तर वरचे आजोबा खाली येतात, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून मुलं तासावर जॅमरूम घेतात. लोअर परळच्या मथुरादास मिलमध्ये २००७ ते २०१६ ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीत क्लब होता, तेव्हा ठाणे-डोंबिवलीच्या वादकाला कार्यक्रमाची वेळ शेवटच्या लोकलकडे बघून ठरवावी लागे. रेकॉर्डिंगचा प्रश्न मात्र सुटला आहे. चार पट्ट्यांची अडचण आज लॅपटॉपवर उरलेली नाही आणि स्कूटरचं काम इंटरनेट करतं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीच्या वाट्याचा हक्क दिला, तो करारात लिहून घेऊनही कंपनीला काढून घेता येत नाही. गाणं करणाऱ्या प्रत्येक मुलाने ही दुरुस्ती सही करण्याआधी वाचावी.

अडतं ते ऐकणाऱ्यांपाशी. दिवाळी पहाटेला ठाण्याच्या राममारुती रस्त्यावर किंवा डोंबिवलीच्या फडके रोडवर बँड उभा राहिला की फर्माइश येते ती सिनेमातल्या गाण्याचीच. ठाण्यात गडकरी रंगायतन आणि घाणेकर नाट्यगृह, कल्याणात अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीत सावित्रीबाई फुले कलामंदिर, ही सगळी नाट्यगृहं महापालिकांची, म्हणजे आपल्या करातून उभी राहिलेली. त्यांपैकी प्रत्येकाने महिन्यातली एक संध्याकाळ कमी भाड्यात फक्त स्वरचित गाण्यांसाठी राखून ठेवावी, एवढी मागणी आपण आपल्या नगरसेवकाकडे करू शकतो. आणि ती संध्याकाळ मिळाली, तर तिकीट काढून जा. पास मागू नका.