ऑनलाइन कॅसिनोतील बोनस व दुप्पट डाव : एक गणिती विवेचन

ऑनलाइन कॅसिनोतील स्लॉट खेळांत खेळाडूस दोन प्रमुख आकर्षणे असतात : जिंकलेली रक्कम दुप्पट करण्याचा डाव आणि बोनस.

दुप्पट डावात सामान्यतः पत्त्याचा रंग लाल की काळा हे ओळखावयाचे असते. जिंकण्याची संभाव्यता १/२ असल्याने डाव न्याय्य भासतो. मात्र सलग ५ वेळा अचूक ओळखण्याची संभाव्यता केवळ १/३२, म्हणजे सुमारे ३ टक्के असते. सरासरी परतावा तोच राहतो. परंतु बहुतेकांच्या हातची रक्कम जाते व मोजक्यांना मोठी प्राप्ती होते.

बोनसचा लाभ अटीवर अवलंबून असतो. समजा, १०० पौंडांच्या बोनसवर ३० पट रकमेचे डाव खेळण्याची अट आहे. खेळाचा सरासरी परतावा ९६ टक्के असल्यास ३,००० पौंडांच्या डावांत अपेक्षित तोटा १२० पौंड होतो. म्हणजे बोनसहून अधिक. ब्रिटनच्या जुगार आयोगाने जानेवारी २०२६ पासून ही अट कमाल १० पटींवर आणली. त्यामुळे याच उदाहरणातील तोटा ४० पौंडांवर येतो.

भारतात २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे. तथापि विद्यार्थ्यांना जाहिरातीतील ‘मोफत’ या शब्दामागील गणित उलगडून दाखविणे, हे संभाव्यताशास्त्राच्या अध्यापनाचेही कार्य होय.